तपासणी फक्त तिची

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ऐरोलीच्या ऑफिसात एका रटाळ मीटिंगमध्ये बसलो होतो, तेव्हा व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली. बायकोला तिसरा महिना चालू होता. आदल्या दिवशी पनवेलच्या एका लॅबमध्ये तिचं रक्त दिलं होतं. पहिल्या पानावर हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट, थायरॉइड. दुसऱ्या पानावर तीन ओळी : एचआयव्ही, व्हीडीआरएल, एचबीएसएजी. म्हणजे एड्सचा विषाणू, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी. तिन्हींपुढे एकच शब्द होता, ‘नॉन-रिॲक्टिव्ह’.

पहिलं पान मी वाचलंच नाही. थेट दुसऱ्यावर गेलो, तीन ओळी पाहिल्या आणि हुश्श झालं. मग मनात आलं, हे हुश्श नक्की कुणासाठी?

पुण्यात इंजिनिअरिंगला असताना माझं एक प्रेमप्रकरण होतं. दोन वर्षं चाललं, मग मोडलं. बायकोला ते माहीत आहे. पण त्यानंतर मी कधी कसलीही तपासणी केली नव्हती आणि कर असं कुणी म्हणालंही नव्हतं. लग्न ठरताना पत्रिका पाहिली गेली, पॅकेज विचारलं गेलं, लोधिवलीचं घर कुणाच्या नावावर आहे तेही विचारलं गेलं. रक्ताबद्दल कुणी शब्द काढला नाही. म्हणजे त्या तीन ओळींत मी माझाच निकाल शोधत होतो. परीक्षा माझी होती, पेपर तिने दिला होता.

संध्याकाळी घरी आल्यावर तिला हे सांगितलं. तिने मोबाइल हातात घेतला, रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात ‘पतीचे नाव’ लिहिलं होतं त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘नाव तर आहे तुझं. रक्त कुठेय?’’

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. पण एखादी सिस्टीम अशी का चालते हे कळत नसेल, तर तिची जुनी व्हर्जन्स उघडून बघायची, ही सवय नोकरीने लावली आहे. म्हणून मी या तीन ओळींची जुनी व्हर्जन्स उघडायला बसलो. पहिलं सापडलं ते आमच्याच आळीत.

* * *

लोधिवली जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं गाव. एका अंगाला पाताळगंगा आणि रसायनीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला चौक आणि त्यामागे माथेरानचा डोंगर. माझ्या लहानपणी आळीतल्या बऱ्याच घरांत कुणी ना कुणी कंपनीत नाहीतर गाडीवर असायचं. गाडीवर म्हणजे ट्रकवर किंवा टँकरवर.

आमच्या दोन घरं पलीकडे एक वहिनी होत्या. त्यांचे मालक टँकर चालवायचे. मी सात वर्षांचा असेन, म्हणजे २००४ चं साल. वहिनींना दिवस गेले होते. कुठल्याशा दवाखान्यात त्यांचं रक्त तपासलं आणि काहीतरी निघालं. तिथे निकाल बंद खोलीत सांगितला नाही. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या चार बायकांना तो ऐकू गेला आणि वहिनी घरी पोचायच्या आत गावात पोचला.

मला आठवतं ते इतकंच, की वहिनी एक दिवस माहेरी गेल्या आणि परत आल्या नाहीत. बाकीचं आईने आता सांगितलं, मी विचारल्यावर. सासूने ‘हिनेच घरात आजार आणला’ म्हणून बोंब मारली. गावानेही तेच धरलं, कारण कागदावर नाव तिचं होतं. मालकांचं रक्त कुणी तपासलं नाही. दोन वर्षांनी ते खंगत खंगत गेले, तेव्हा लोक म्हणाले, ‘‘बायकोने दिलं.’’

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘मीपण तिच्या हातचं पाणी घेत नव्हते रे. कुणीच घेत नव्हतं.’’

ज्याची तपासणी होते त्याच्याच नावावर आजार लागतो, हे मला तेव्हा कळायचं वय नव्हतं. जसजसं वाचत गेलो तसतसं दिसायला लागलं, की ही चूक आमच्या आळीपुरती नाही. ती दीडशे वर्षं जुनी आहे.

* * *

या आजारांवर दुसऱ्याचं नाव लावायची खोड तर त्याहूनही जुनी. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाश’ हा ग्रंथ लिहिला. त्यात सिफिलिसला ‘फिरंगरोग’ म्हटलं आहे, म्हणजे फिरंग्यांनी आणलेला. तिकडे युरोपात इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत होते आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. आजार आपला नाहीच, शेजाऱ्याचा आहे, यावर सगळ्यांचं एकमत.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने हा शेजारी कायद्यात बसवला. त्यांची फौज गुप्तरोगांनी बेजार होती. गोऱ्या सैनिकांना लग्न करायची परवानगी क्वचितच मिळे, त्यामुळे छावणीच्या बाजारात वेश्यावस्ती असे. सरकारने ठरवलं, की सैनिक निरोगी ठेवायचे तर बायका तपासायच्या. १८६४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने छावण्यांमध्ये याची सोय झाली. १८६८ चा चौदावा कायदा, म्हणजे इंडियन कंटेजियस डिसीजेस ॲक्ट, शहरांसाठी होता. वेश्याव्यवसाय करणाऱ्या बाईने नाव नोंदवायचं, ठरलेल्या दिवशी तपासणीला हजर राहायचं आणि आजार दिसला तर ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये राहायचं. नाव नोंदवलं नाही किंवा तपासणीला आली नाही, तर दंड किंवा कैद. असे लॉक हॉस्पिटल पुणे आणि खडकीच्या छावण्यांतही होते.

मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला. १८७२ मध्ये तो थांबवला, १८८० मध्ये पुन्हा आणला आणि १८८८ मध्ये गुंडाळला. मुंबईतल्या अनेक बायकांनी तो मुकाट्याने मानला नाही. कुणी नाव नोंदवायला गेलीच नाही, कुणी वस्ती बदलली, कुणी शहर सोडलं. इंग्लंडमध्ये असाच कायदा होता आणि जोसेफाइन बटलर या बाईने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं चळवळ चालवली. तो १८८६ मध्ये रद्द झाला. तिचा मुद्दा सरळ होता : एकाच व्यवहारातल्या दोन माणसांपैकी एकाच्याच अंगावर सरकार हात का टाकतं?

सैनिकांचं काय? त्यांची नियमित अंगतपासणी इंग्लंडच्या फौजेत आधीच बंद केली होती, कारण त्यात पुरुषांचा अपमान होतो असं अधिकाऱ्यांचं मत पडलं. बायकांच्या अपमानाचा कॉलम त्या फॉर्मवर नव्हता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी तपासणी म्हणजे रक्ताची टेस्ट नव्हे. डॉक्टर डोळ्यांनी बघायचा, बस्स. परम्याचा जंतू नाइसरला सापडला १८७९ मध्ये. सिफिलिसचा जंतू बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना दिसला १९०५ मध्ये. म्हणजे कायदा सुरू झाला तेव्हा आपण काय शोधतोय हे शोधणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. सिफिलिस काही आठवड्यांत वरवर बरा दिसतो आणि वर्षानुवर्षं आत लपून राहतो. डोळ्यांना स्वच्छ दिसणारी बाई आजारी असू शकत होती आणि साध्या पांढऱ्या पाण्याची तक्रार असलेली निरोगी बाई कोंडली जाऊ शकत होती. औषध होतं पारा. त्याने आजार जाण्याआधी दात जायचे.

* * *

खरी टेस्ट आली १९०६ मध्ये. जर्मनीत ऑगस्ट फॉन वासरमन आणि सहकाऱ्यांनी रक्तातून सिफिलिस ओळखायची पद्धत काढली. त्यासाठी एक अर्क लागायचा आणि सुरुवातीला तो कशाचा काढत असत हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. आईच्या पोटातच सिफिलिस होऊन दगावलेल्या बाळांच्या यकृताचा. पोटातल्या बाळाला वाचवण्यासाठी आज जी टेस्ट होते, तिची सुरुवात न वाचलेल्या बाळांपासून झाली आहे.

पुढे कळलं, की बाळाच्या यकृताची गरज नाही. बैलाच्या हृदयातून मिळणारा कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ तेच काम करतो. मेरी पँगबॉर्न यांनी तो १९४१ मध्ये वेगळा केला. त्यावरून १९४६ मध्ये अमेरिकेतल्या व्हेनेरियल डिसीज रिसर्च लॅबोरेटरीत एक स्वस्त, झटपट टेस्ट तयार झाली. बायकोच्या रिपोर्टवरची ‘व्हीडीआरएल’ ही अक्षरं त्या लॅबोरेटरीच्या नावाची. १९४३ मध्ये पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे सिद्ध झालं होतं. म्हणजे त्या दशकात टेस्टही हाती आली आणि औषधही. आजही गरोदर बाईला वेळेत सिफिलिस सापडला, तर बेंझाथिन पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बाळ वाचू शकतं. सापडला नाही तर गर्भपात, मृत जन्म किंवा जन्मतःच आजारी बाळ, यांपैकी काहीही पुढ्यात येतं.

पण यात एक मेख आहे. नवऱ्याला सिफिलिस असेल आणि इंजेक्शन फक्त बायकोला दिलं, तर तो तिला पुन्हा होऊ शकतो. बग एका सर्व्हरवर दुरुस्त केला आणि त्याच्याशी जोडलेला दुसरा तसाच ठेवला, तर काय होतं हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. म्हणून डॉक्टरी नियमही सांगतो, की जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार करा.

हे सगळं मराठीत मोकळेपणाने सांगणारा एक माणूस तेव्हा मुंबईत होता. रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ते सोडलं नाही. गुप्तरोग हे पाप नाही, आजार आहे, ही त्यांची भूमिका. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला, मासिक चालू राहिलं. तरी ‘गुप्तरोग’ हा शब्द काही गेला नाही. हार्बर लाइनच्या कडेच्या भिंतींवर तो मी लहानपणापासून वाचतोय : गुप्तरोग, खात्रीचा इलाज, गुपित राखले जाईल. या जाहिराती सगळ्या पुरुषांसाठी असतात. भिंतीवरचा भोंदू पुरुषाला गुपिताची हमी देतो आणि दवाखान्याचं बाकडं बाईचं गुपित गावाला ऐकवतं.

* * *

१९८६ मध्ये नवा आजार आला, पण रीत जुनीच राहिली. मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. मूळच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने वेश्याव्यवसायातल्या बायकांचं रक्त गोळा केलं आणि त्यात भारतातला पहिला एचआयव्ही सापडला. कशासाठी रक्त घेतोय, हे त्या बायकांना सांगितलं गेलं नव्हतं. त्या काळात कुणालाच त्यात वावगं वाटलं नसेल. डॉ. सॉलोमन यांनी पुढचं सगळं आयुष्य याच रुग्णांसाठी घालवलं. पण देशातला पहिला निकाल ज्यांच्या रक्तातून आला, त्यांना प्रश्नच विचारला गेला नव्हता, हे नोंदवून ठेवायला हवं.

तीन वर्षांनी गोव्यात हाच प्रसंग एका पुरुषावर आला. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा तेव्हा २९ वर्षांचा होता, साधारण माझ्याच वयाचा. तो नियमित रक्तदान करायचा. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला पोलिसांनी बोलावलं, म्हापशाच्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथून एका वापरात नसलेल्या क्षयरोग इस्पितळात नेऊन ठेवलं. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दोन वर्षांपूर्वीच दुरुस्ती होऊन अशा माणसाला वेगळं ठेवायची तरतूद झाली होती. त्याला आपला आजार डॉक्टरकडून समजला नाही, एका रजिस्टरमध्ये आपल्या नावापुढे लिहिलेलं वाचून समजला. ६४ दिवस तो तिथे एकटा राहिला. त्याची आई ल्युसी डिसोझा मुंबई हायकोर्टाच्या पणजी खंडपीठात गेली. त्याची सुटका झाली, पण कोर्टाने सरकारचा विलगीकरणाचा अधिकार कायम ठेवला. डॉमिनिकने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि मे १९९२ मध्ये तो गेला. ‘माय ब्रदर निखिल’ हा सिनेमा त्याच्यावरूनच सुचलेला.

१८७० चं लॉक हॉस्पिटल आणि १९८९ चं ते क्षयरोग इस्पितळ शेजारी शेजारी ठेवून बघा. मधल्या काळात टेस्ट कुठल्या कुठे गेली. टेस्ट करणाऱ्यांची समजूत मात्र तीच राहिली : आजार शोधायचा म्हणजे गुन्हेगार पकडायचा.

* * *

आता येतो गरोदर बायकांकडे. १९९८ पासून भारताने एचआयव्ही किती पसरलाय हे मोजायला देशभर ठरावीक दवाखान्यांतून दरवर्षी रक्ताचे नमुने तपासायला सुरुवात केली. सामान्य जनतेचा अंदाज कुणावरून काढायचा? गरोदर बायकांवरून. त्यांचं रक्त व्हीडीआरएलसाठी घेतलेलंच असायचं. त्यातलं उरलेलं रक्त नाव-पत्ता काढून एचआयव्हीसाठी तपासलं जाई. नाव काढल्यामुळे निकाल गुप्त राहायचा, हे खरं. पण तो त्या बाईलाही कळायचा नाही. कित्येक वर्षं आपल्या देशाचा एड्सचा आकडा अशा बायकांच्या रक्तावर उभा होता, ज्यांना त्याची खबरही नव्हती.

मग २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी जाऊन, संमती घेऊन, बायकांबरोबर पुरुषांचंही रक्त तपासलं. या पाहणीमुळे आणि वाढवलेल्या केंद्रांच्या माहितीमुळे २००७ मध्ये देशाचा अंदाज पन्नास लाखांच्या वरून सुमारे पंचवीस लाखांवर आला. माणसं बदलली नव्हती. मोजायची रीत सुधारली होती.

आणि आजार घरात येतो कुठून, याचंही उत्तर तोवर मिळालेलं होतं. कोरोनाच्या काळात रोज टीव्हीवर शांतपणे माहिती देणारे डॉ. रमण गंगाखेडकर आठवतात? ते आणि त्यांचे सहकारी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या बायकांचा अभ्यास करत होते. एकूण ९१६ बायका. त्यांतल्या ३९१ जणी वेश्याव्यवसायात नव्हत्या, बहुतेक साध्या संसारी बायका. त्यांच्यातल्या १३.६ टक्क्यांना एचआयव्ही होता आणि बहुतेकींनी आयुष्यात एकाच पुरुषाशी, म्हणजे नवऱ्याशी, संबंध आल्याचं सांगितलं होतं. १९९७ मध्ये हा अभ्यास अमेरिकेतल्या ‘जामा’ या नियतकालिकात छापून आला. नंतर सात वर्षांनी आमच्या आळीत सासू म्हणत होती, हिनेच आजार आणला.

इथे कुणी म्हणेल, मग बायकांच्या तपासण्या बंदच करायच्या का? अजिबात नाही. त्याची दुसरी बाजू गडचिरोलीत दिसते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होतं. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. त्या अंगावर काढत होत्या, कारण कुणी विचारलंच नव्हतं. न विचारता तपासणं हा एक अन्याय आणि अजिबात न तपासणं हा दुसरा.

* * *

वहिनींचं २००४ साल मधोमध येतं. १९९४ मध्ये सिद्ध झालं होतं, की गरोदर बाईला एझेडटी हे औषध दिलं तर बाळाला एचआयव्ही होण्याची शक्यता दोन तृतीयांशाने कमी होते. १९९९ मध्ये युगांडातल्या अभ्यासाने दाखवलं, की कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला एकदा तेच औषध पाजलं, तरी धोका जवळपास निम्म्यावर येतो. भारतात २००२ च्या सुमारास हा कार्यक्रम सरकारी दवाखान्यांत पसरू लागला. एचआयव्हीची मोफत औषधं १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल त्या पहिल्या काहींपैकी एक होतं. म्हणजे वहिनींची तपासणी झाली, ती त्यांच्या भल्यासाठीच. काहीच उपाय केला नाही तर आईकडून बाळाला एचआयव्ही होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आजच्या औषधांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते. तपासल्याशिवाय हे कसं साधणार?

टेस्ट योग्य होती. तिच्या आजूबाजूचं सगळं चुकलं. निकाल बंद खोलीत सांगितला नाही. नवऱ्याला बोलावलं नाही. त्या माहेरी निघून गेल्या आणि उपचारांशी जोडल्या गेल्या नाहीत. आई सांगते, मुलगा धडधाकट झाला, आता वीस-एकवीस वर्षांचा आहे. तो नशिबाचा भाग. वहिनींचं पुढे काय झालं ते आईलाही पक्कं माहीत नाही. आमच्या आळीतलं कुणी विचारायला गेलं नाही.

आणखी एक तांत्रिक मुद्दा, जो मला माझ्या शिक्षणामुळे लगेच टोचला. समजा, दहा हजार गरोदर बायका आहेत आणि त्यांतल्या वीसजणींना खरंच संसर्ग आहे. टेस्ट चांगली आहे, निरोगी रक्तावर दोनशेत एकदाच चुकते. तरी ९,९८० निरोगी बायकांपैकी साधारण पन्नासजणी चुकून पॉझिटिव्ह दिसतील. म्हणजे हातात सत्तर पॉझिटिव्ह रिपोर्ट, त्यांतले खरे फक्त वीस. आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, पण गणित असंच चालतं. म्हणूनच सरकारी केंद्रात एचआयव्हीचा निकाल एका टेस्टवर पॉझिटिव्ह देत नाहीत, तीन वेगवेगळ्या टेस्ट करतात. व्हीडीआरएल तर सिफिलिसचा जंतू नव्हे, कार्डिओलिपिनविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. मलेरियात, काही संधिवाताच्या आजारांत, कधी कधी नुसत्या गरोदरपणातही ती फसते. म्हणून तिच्यामागून खात्रीची दुसरी टेस्ट करावी लागते. एका ओळीवरून बाईला घराबाहेर काढणाऱ्यांना हे गणित कुणी सांगितलेलं नसतं.

कायदा मात्र हळूहळू सरळ झाला. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका कंत्राटी कामगाराच्या खटल्यात सांगितलं, की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येणार नाही. त्याला खटलाही टोपणनावाने लढू दिला. खटल्याचं नावच ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ असं आहे. सांगलीत १९९२ पासून मीना सेषू यांची ‘संग्राम’ संस्था काम करते. तिथल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनी संघटना बांधून हेच लावून धरलं, की आम्ही रोगाचं मूळ नाही, आमच्याशी नीट बोला, जबरदस्तीने तपासू नका. २०१७ मध्ये एचआयव्ही-एड्स कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे संमती आणि समुपदेशनाशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल फोडता येत नाही. वहिनींच्या वेळी हा कायदा असता, तर बाकड्यावर ऐकू गेलेला तो निकाल हा कायद्याचा भंग ठरला असता.

कायद्यात एवढं सगळं आहे. तरी माझ्या बायकोच्या फॉर्मवर माझं फक्त नावच होतं.

* * *

मी तपासणी करून घ्यायचं ठरवलं. आधी त्याच लॅबमध्ये विचारलं. काउंटरवरचा मुलगा माझ्याहून लहान असेल. हळूच म्हणाला, ‘‘सर, मॅडमचा निगेटिव्ह आलाय ना? मग तुम्हाला कशाला?’’

हा गैरसमज बहुतेकांचा असतो, माझाही होता. एचआयव्ही असो की सिफिलिस, प्रत्येक संबंधातून लागण होतेच असं नाही. बायको निगेटिव्ह असून नवरा पॉझिटिव्ह असू शकतो. तिसऱ्या महिन्यात केलेली टेस्ट पुढच्या सहा महिन्यांबद्दल काही सांगत नाही. लागण झाल्यावर टेस्टमध्ये दिसायलाही काही आठवडे लागतात. आणि गरोदरपणात नव्याने लागण झाली, तर बाळाला धोका जास्त असतो. तिचा रिपोर्ट हे माझं सर्टिफिकेट नव्हे.

मग तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यातलं आयसीटीसी गाठलं. मोफत असतं, नाव गुप्त राहतं, आधी कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ या हेल्पलाइनवर विचारता येतं. निघताना आई म्हणाली, ‘‘कुणी बघितलं तर काय म्हणतील?’’ मी म्हटलं, ‘‘वहिनींना जे म्हणाले तेच.’’ तिने पुढे काही विचारलं नाही.

समुपदेशक ताईंनी दार लावून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, ‘‘मिसेस पॉझिटिव्ह आहेत का?’’ मी नाही म्हटल्यावर त्या जराशा थांबल्या. नवरे येतात ते बहुतेक बायकोचं काही निघालं की, बोलावणं गेल्यावर, असं म्हणाल्या. मग त्यांनी नीट समजावलं, फॉर्मवर सही घेतली. एचआयव्हीबरोबर सिफिलिससाठीही रक्त घेतलं. बाहेर बाकड्यावर थांबलो होतो तेवढ्यात शेजारच्या आळीतले एक काका दिसले. मी मान खाली घातली आणि मोबाइल बघायला लागलो. एवढं सगळं वाचूनही. वहिनी त्या बाकड्यावरून उठून, पोटात बाळ घेऊन, एकट्या घरी चालत आल्या होत्या.

माझा रिपोर्ट काय आला, ते इथे लिहिणार नाही. तो मला बंद खोलीत सांगितला गेला, मी तो बायकोला सांगितला आणि त्यापलीकडे तो कुणाचाही नाही. वहिनींना एवढं मिळालं असतं तर कदाचित त्या आजही आमच्या दोन घरं पलीकडे राहत असत्या.

पुढच्या व्हिजिटला मी माझा कागद बायकोच्या फाइलमध्ये लावला. डॉक्टरबाईंनी फाइल चाळली, माझ्या कागदापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे कुणी मागितलं होतं?’’

बायको म्हणाली, ‘‘मी.’’